शेवटच्या सामन्यानंतर

गेल्या वर्षीची गोष्ट. भाऊबीज आटोपली, हलका धान कापून झाला, नि आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू झाले. ज्यांनी मंडई पाहिली नाही त्यांना एवढेच सांगतो की दिवसा बाजार आणि रात्री नाटक असा हा थाट असतो. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, पाहुण्यांच्या पंगती उठतात, आणि मग सारे घर चादरी-गोधड्या घेऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकाला जाते. आमच्या कामठ्याच्या पोरांनी मात्र त्या वर्षी मंडईच्या आदल्या रात्री निराळाच खेळ मांडला. दोन बांबूंमध्ये पांढरे कापड ताणून त्यांनी ‘धन धना धन गोल’ हा हिंदी चित्रपट दाखवला. तिकीट नव्हते. पडद्याखाली पत्र्याचा एक डबा ठेवला होता, आणि त्यावर खडूने लिहिले होते : फुटबॉलसाठी.

डब्यामागे एक इतिहास होता. गावातल्या पोरांचा फुटबॉलचा संघ होता. म्हणजे अजूनही होता, पण धान निघालेल्या बांधीत उरलेल्या खुंटांसारखा होता. चांगली खेळणारी दोघे-तिघे पुण्याला कारखान्यात गेली, एक नागपूरला शिकायला गेला, आणि उरलेल्यांना आसपासच्या गावांनी दोन हंगाम यथेच्छ बदडले. अशा वेळी माणसाला गतवैभव आठवते. कामठ्याला ती सवय जुनीच आहे. १८१८ साली चिमणा पटेलाने इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि तो मोडला गेला, तेव्हापासून गेलेल्या सत्तेच्या गोष्टी सांगणे हा आमच्या पारावरचा एक उद्योग आहे. पोरांना आठवले ते आमचे भाऊ. त्यांचे नाव येथे सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. तरुणपणी ते नागपूरच्या मैदानांवर खेळले, आणि त्यांच्या डाव्या पायाच्या फटक्याच्या कथा आम्ही लहानपणी ऐकल्या. आता साठीला टेकले आहेत, शेती करतात, आणि फुटबॉलचा विषय निघाला की विडा लावायला घेतात. त्यांनी संघ हाती घ्यावा, अशी पोरांची इच्छा. त्यांनी होकार द्यावा म्हणूनच हा चित्रपट. भाऊंना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती नि शेजारची खुर्ची मला. “तुम्ही जरा समजवा त्यांना,” असे पोरांनी मला आधीच सांगून ठेवले होते.

आता चित्रपटाकडे वळतो. कारण मला बोलायचे आहे ते त्याच्याविषयी, आणि त्याच्या कुळातल्या इतर चित्रपटांविषयी.

‘धन धना धन गोल’ २००७ सालचा. दिग्दर्शक विवेक अग्निहोत्री. लंडनच्या साउथॉल भागात राहणाऱ्या आपल्या उपखंडातल्या लोकांचा एक फुटबॉल क्लब आहे. त्याचे मैदान हातचे जाण्याच्या बेतात आहे, संघाची अवस्था केविलवाणी आहे. कप्तान शान (अर्शद वारसी) शोधत शोधत जातो तो टोनी सिंग नावाच्या जुन्या खेळाडूकडे. बोमन इराणीने केलेला हा टोनी खेळापासून दूर गेलेला आहे. त्याला आणले जाते, तो पोरांना हाकतो, रागावतो, पळवतो. कातडीच्या रंगापायी दुसरीकडे नाकारला गेलेला सनी (जॉन अब्राहम) संघात येतो, मोठ्या क्लबाच्या मोहात पडून निघून जातो, आणि योग्य वेळी परततो. पुढचे सांगायला नको. आमच्या पडद्यासमोर बसलेल्या सहा वर्षांच्या पोरीलाही ते ठाऊक होते, शेवटचा सामना सुरू होताच ती आईला म्हणाली, “आता हे जिंकतेत, मग घरी जाऊ.”

या पोरीचे वाक्य मला त्या रात्रीच्या समीक्षेतले उत्तम वाक्य वाटले. अशा सर्व चित्रपटांचा करारच तसा असतो : हे जिंकतात, मग आपण घरी जातो. त्याच २००७ साली ऑगस्टमध्ये ‘चक दे! इंडिया’ आला. खेळ हॉकीचा, पण ठसा तोच. पाकिस्तानविरुद्ध हुकलेल्या एका फटक्यामुळे गद्दार ठरलेला कप्तान कबीर खान सात वर्षांनी परततो आणि कोणालाच नको असलेला मुलींचा संघ मागून घेतो. हा चित्रपट पहिल्यापेक्षा पुष्कळच सरस आहे, हे कबूल केले पाहिजे. निरनिराळ्या राज्यांतून आलेल्या मुलींच्या तोंडून आपल्या प्रांताचे नाव काढून घेऊन देशाचे नाव वदवून घेणारा तो पहिला प्रसंग, किंवा आपापल्या जागेवरून चाललेली त्या पोरींची भांडणे, यांत संघ घडवण्याचे खरे काम दिसते. शाहरुख खानने आपले नेहमीचे हातवारे घरी ठेवून ही भूमिका केली, हेही त्याच्या पदरात टाकू. परंतु अखेरीस तो विश्वचषक कशासाठी? कबीर खानच्या घराच्या भिंतीवर लिहिलेला कलंक पुसण्यासाठी. मुली जिंकतात आणि निर्दोष ठरतो तो!

येथेच माझी पहिली तक्रार आहे. या गोष्टींत बुडता संघ हे नायकाचे औषध असते. टोनी सिंगला कडवटपणातून बाहेर काढायला साउथॉल हवे, कबीर खानला डाग धुवायला मुलींचा संघ हवा. क्लब बुडत असतो हे खरे, पण बुडण्याचे दुःख चित्रपट तेवढेच दाखवतो जेवढे उतरलेल्या ताऱ्याला पुन्हा वर यायला पायरी म्हणून लागते. मग साहजिकच गोष्टीचा शेवट शेवटच्या सामन्यावर होतो; तारा वर चढला, आता पायरीचे काय काम? सोमवारी सकाळी त्या क्लबाच्या कचेरीत कोण बसते, मैदानाचे भाडे कोण भरते, जिंकून देणारा सनी पुढच्या हंगामात राहतो का, हे विचारायला प्रेक्षक थांबलेलाच नसतो.

दिग्दर्शक म्हणेल, अहो, आम्ही करमणूक करतो, हिशेबाची वही दाखवत नाही. मान्य. पण वहीच्या आत नाट्य नसते असे ज्याला वाटते त्याने इंग्लंडातल्या चार्लटन बंधूंची हकीकत ऐकावी. माझ्या मते ती या विषयावरची सर्वांत मोठी न लिहिलेली कादंबरी आहे.

बॉबी आणि जॅक चार्लटन हे सख्खे भाऊ. दोघेही १९६६ च्या जगज्जेत्या इंग्लंड संघात होते. थोरला जॅक बचावफळीत. उंच, ओबडधोबड, लीड्स क्लबाचा राबता माणूस. धाकटा बॉबी मात्र तारा. मँचेस्टर युनायटेडचा, इंग्लंडकडून १०६ सामने नि ४९ गोल, दुरून मारलेल्या ज्याच्या फटक्यावर सारे इंग्लंड उभे राही असा. १९७३ साली दोघे एकाच वेळी आपापल्या क्लबातून निवृत्त झाले आणि दोघांनी एकाच वेळी दुसऱ्या श्रेणीतला एकेक संघ हाती घेतला : बॉबीने प्रेस्टन, जॅकने मिडल्सब्रो. त्याच हंगामात, त्याच श्रेणीत, जॅकचा मिडल्सब्रो १५ गुणांच्या अंतराने पहिला आला आणि बॉबीचा प्रेस्टन घसरून तिसऱ्या श्रेणीत गेला. विजयाला दोनच गुण मिळण्याचे ते दिवस होते. तेव्हा १५ गुणांचे अंतर म्हणजे केवढे, ते ध्यानात यावे. त्यानंतर बॉबीने काय केले? ३६-३७ व्या वर्षी बूट चढवून तो स्वतःच मैदानात उतरला! एक हंगाम खेळला, आणि १९७५ मध्ये एका बचावपटूच्या विक्रीवरून संचालकांशी बिनसले तेव्हा राजीनामा देऊन मोकळा झाला.

मला त्या बूट चढवण्याचे मोठे अप्रूप वाटते. हिंदी चित्रपट असता तर तोच उत्कर्षबिंदू झाला असता. दहा मिनिटे उरली आहेत, म्हातारा तारा जाकीट काढतो, सारे मैदान उभे राहते. प्रत्यक्षात ती एका थोर खेळाडूची कबुली होती. जे मला येते ते मी तुम्हांला देऊ शकत नाही. तेव्हा थांबा, मीच करून दाखवतो, अशी. जॅककडे देण्याजोगे काही विशेष नव्हतेच. त्यामुळे समोरच्या पोरांकडे काय आहे ते पाहणे त्याला भाग पडले. अलौकिक देणगीचा मनुष्य दुसऱ्याचे सामान्यपण समजून घेण्यात कमी पडतो, यात त्याचा दोष नाही. त्याला ते कधी भोगावेच लागलेले नसते.

आपल्याकडे हे शोधायला मैदानावर जाण्याचीही गरज नाही. मराठी रंगभूमीवर बालगंधर्व होऊन गेले. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा गणपतराव बोडस नि गोविंदराव टेंबे भागीदार होते. पुढे भागीदार गेले, कर्ज राहिले, आणि त्या कर्जासकट सारी कंपनी एकट्या नारायणरावांच्या गळ्यात आली. बुडत्या संस्थेचा मालक खुद्द तारा! त्यांनी खर्च कापला का? अत्तर, शालू, गालिचे, रसिकांना द्यायचे ते अस्सलच, हा हट्ट काही सुटला नाही. त्यांनी तो सोडायला हवा होता असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’साठी त्यांना स्टुडिओत जाऊन उभे राहावे लागले, हेही विसरवत नाही. २०११ साली रवी जाधव यांनी ‘बालगंधर्व’ चित्रपट काढला, सुबोध भावे यांनी ती भूमिका जीव ओतून केली. त्यातले वैभव डोळे दिपवते. देण्याघेण्याचे प्रसंग आले की मात्र चित्रपट घाईने एक उसासा सोडून पुढे जातो, आणि मला वाटले, हाच तर खरा दुसरा अंक होता.

इंग्रजांनी या बाबतीत एकदा बरी मजल मारली. ब्रायन क्लफ हा गोलांचा कारखाना म्हणावा असा खेळाडू; १९६२ सालच्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी गुडघा निकामी झाला आणि विशी संपण्याआधीच खेळ संपल्यात जमा झाला. तिसाव्या वर्षी, १९६५ मध्ये, पीटर टेलर या मित्राला घेऊन त्याने हार्टलपूल या चौथ्या श्रेणीच्या तळाशी पडलेल्या क्लबाचा कारभार घेतला. पैसा इतका थोडा की संघाची बस चालवण्याचा परवाना त्याने स्वतः काढला. पुढे डर्बीला विजेतेपद, नॉटिंगहॅम फॉरेस्टला १९७९ नि १९८० असे लागोपाठ दोनदा युरोपचा चषक, आणि मध्येच १९७४ मध्ये लीड्समध्ये ४४ दिवसांत गच्छंती. या ४४ दिवसांवर डेव्हिड पीसने कादंबरी लिहिली आणि २००९ साली टॉम हूपरने ‘द डॅम्ड युनायटेड’ हा चित्रपट काढला. मायकेल शीनचा क्लफ पाहण्यासारखा आहे. गर्व, असूया, मित्रावाचून होणारी तगमग, सारे काही. हरण्याची गोष्ट सांगण्याचे धैर्यही त्यात आहे. तरीही हार्टलपूलची ती दोन वर्षे त्यात जवळजवळ नाहीतच! गोष्ट डर्बी नि लीड्सची. बसचे चाक हातात धरलेला क्लफ, जो मला सर्वांत जास्त पाहायचा होता, तो एवढ्या चांगल्या चित्रपटालाही नको झाला.

बसचे चाक धरणारा मनुष्य आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला नाही असे मात्र नाही. खालिद जमील हे नाव खेळाच्या पानापलीकडे अलीकडेपर्यंत फारसे कोणी ऐकले नव्हते. जन्म कुवेतचा, खेळ मुंबईचा. मधल्या फळीत खेळणारा, एअर इंडिया, महिंद्र युनायटेड अशा संघांकडून नि देशाकडूनही खेळलेला. पण दुखापतींनी त्याला तारा म्हणून फार काळ चमकू दिले नाही. मुंबई एफसी हा क्लब २००७ साली निघाला. खालिद त्यात खेळाडू म्हणून आला आणि २००९ साली, बत्तिसाव्या वर्षी, त्याच संघाचा प्रशिक्षक झाला.

त्यानंतरची सात वर्षे कोणत्याही पटकथाकाराला उपयोगाची नाहीत. मुंबई एफसीने एकही मोठे विजेतेपद मिळवले नाही. तक्त्यात कधी मध्यावर, कधी तळाजवळ, पण घसरगुंडीच्या रेषेच्या वर, हंगामामागून हंगाम. कूपरेजचे मैदान दुरुस्तीत असताना हा मुंबईचा संघ आपले घरचे सामने पुण्याला बालेवाडीत खेळत असे. आपल्याच सामन्याला दुसऱ्या शहरात पाहुणे! खालिदचा खेळ बचावाचा, कंटाळवाणा, अशी टीका जाणकार करीत. असेलही. पण ज्याच्या घरात तांदूळ मोजून शिजवायचे असतात त्याला पंक्तीत आग्रह कसा करता येईल? एक गोल खाऊ नये, एक गुण हातचा जाऊ देऊ नये, आणि वर्षाच्या अखेरीस क्लब जिवंत असावा, हेच त्याचे नाट्य होते. हे नाट्य पडद्यावर कसे दाखवायचे हा प्रश्न अवघड आहे हे मला मान्य आहे. परंतु तो प्रश्न पडलेला एकही दिग्दर्शक माझ्या पाहण्यात नाही.

पुढची हकीकत मात्र अशी आहे की लेखकाने रचली असती तर आपण तिला बनावट म्हटले असते. २०१६ मध्ये खालिद नि मुंबई एफसी यांची फारकत झाली. तो गेला मिझोरमच्या डोंगरात, ऐझॉलला. ऐझॉल एफसी आदल्याच हंगामात घसरलेला संघ. गोव्याच्या क्लबांनी अंग काढून घेतले म्हणून त्याला परत वर घेतलेला. खालिदने मुंबईतून जयेश राणे, आशुतोष मेहता असे आपले माहितीतले खेळाडू सोबत नेले, बाकी पोरे तिथलीच. २२ एप्रिल २०१७ रोजी त्यांनी मोहनबागानला १–० असे हरवले, आणि ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगशी १–१ अशी बरोबरी करून देशाची आय लीग जिंकली; मोहनबागानपेक्षा अवघा एक गुण जास्त. ईशान्य भारतातल्या क्लबाने ही लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आणि त्याच हंगामात, ज्याला खालिदने सात वर्षे रेषेच्या वर धरून ठेवले होते, तो मुंबई एफसी तळाशी जाऊन घसरला, आणि पुढे बंदच पडला.

या हकीकतीवर कोणी चित्रपट काढलाच तर तो ऐझॉलवर काढील याविषयी माझ्या मनात शंका नाही. डोंगर, धुके, शेवटचा सामना, सारे तयार आहे. मला मात्र ती मुंबईची सात वर्षे मोठी वाटतात. ऐझॉलने दाखवले की हा मनुष्य संघ जिंकवू शकतो. मुंबई एफसी त्याच्यामागे कोसळला तेव्हा कळले की तो तिथे काय करीत होता. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये देशाच्या संघाची जबाबदारी त्याच्यावर आली. तिथे सुरुवातीला यश आले, मग ऑक्टोबरात गोव्यात सिंगापूरकडून २–१ असा पराभव होऊन आशियाई चषकाची वाट बंद झाली. पाहा, वास्तव शेवटच्या सामन्यावर थांबायला काही केल्या तयार नसते.

आता ‘झुंड’विषयी. नागराज मंजुळे यांचा २०२२ सालचा हा चित्रपट आमच्या विदर्भाचा, नागपूरचा. त्यामागे विजय बारसे यांचे खरे काम आहे. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक, ज्यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना चेंडू देऊन खेळायला लावले. चित्रपटातले विजय बोराडे असेच निवृत्तीला आलेले शिक्षक आहेत, तारा नव्हेत. पण गंमत पाहा : भूमिका दिली आहे ती अमिताभ बच्चन यांना. म्हणजे गोष्टीत तारा नसेल, पण पडद्यावर देशातला सर्वांत मोठा तारा, तोही उतारवयातला, नवख्या पोरांच्या घोळक्याचा कारभार पाहायला आला आहे! आपल्या विषयाचे याहून चांगले उदाहरण कथानकात नव्हे, खुद्द चित्रीकरणात घडले असे मला वाटते.

आणि तिथे बच्चन यांनी जे केले ते बॉबी चार्लटनला साधले नाही. ते बूट चढवत नाहीत. आवाज खाली ठेवतात, कडेला उभे राहतात, पोरांचे बोलणे ऐकतात. भिंतीपलीकडच्या कॉलेजच्या मुलांशी होणारा मोठा सामना मंजुळे यांनी चित्रपटाच्या मध्यावरच उरकून टाकला आहे. दुसरा कोणी असता तर त्यावरच पडदा पडला असता. पुढचा सारा भाग पासपोर्टाचा, पोलिस चौकशीचा, ओळखीच्या कागदांचा. रिंकू राजगुरूने केलेली आदिवासी मुलगी नि तिचा बाप आपण आहोत याचा पुरावा गोळा करीत हिंडतात. आमच्या भागात हे दृश्य कोणाला नवीन नाही. दाखल्यासाठी तहसिलीच्या पायऱ्या झिजवणारी माणसे आम्ही रोज पाहतो. अंकुश गेडामचा डॉन तर शेवटी शेवटी कॅमेरा आपल्याकडे ओढून घेतो, आणि बच्चनसाहेब तो ओढू देतात. विमानतळावरच्या तपासणीत त्याची जी घालमेल होते तीत चेंडू नाही, गोल नाही, तरी ज्याला सामना म्हणावा असे त्या चित्रपटात ते एकच दृश्य आहे.

दोष आहेत. चित्रपट लांबला आहे. तीन तास खिळवण्याइतकी त्याची वीण घट्ट नाही. पोरे एकामागून एक आपापले दुःख सांगतात तो प्रसंग प्रामाणिक असला तरी सभेसारखा झाला आहे. बोराडे गुरुजींच्या घरी काय चालले आहे, मुलाला बापाच्या या उद्योगाविषयी काय वाटते, याचा धागा हाती घेऊन सोडून दिला आहे. पण या कुळातल्या चित्रपटांत संघ चालवणे म्हणजे कागद चालवणे, वाट पाहणे, दुसऱ्याला पुढे ढकलणे, हे जाणणारा चित्रपट मला हा एकच आढळला. सामन्यात जिंकून प्रश्न सुटला असे तो म्हणत नाही. पोरे विमानात बसतात तेव्हाही खाली भिंत तशीच उभी असते.

असो. मंडईच्या त्या रात्री ‘झुंड’ नव्हता, ‘धन धना धन गोल’ होता; आणि साउथॉल जिंकताच पोरांनी शिट्ट्या मारल्या, डबा खुळखुळवला आणि भाऊंभोवती कोंडाळे केले. “भाऊ, तुम्ही फक्त मैदानाशी उभे राहा. तुम्ही असले की आम्ही जिंकतोच.” भाऊ उठले, धोतराची धूळ झटकली, आणि म्हणाले, “उभा राह्यला काहून? बुजगावणं आहे का मी?” नि घरी निघून गेले. पोरांचे चेहरे उतरले. मला समजवायला सांगितले होते, पण मी कोणाला काय समजवणार? चित्रपटाने त्यांना एक टोनी सिंग दाखवला होता, आणि त्यांना तोच हवा होता. भाऊंना तो होता येणार नव्हते, हे भाऊंना कळले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेलो. वर सांगितलेली चार्लटन बंधूंची कथा मी त्यांना तिथेच सांगितली. बॉबीने बूट चढवले येथपर्यंत आलो तेव्हा ते हसले, आणि आपल्या डाव्या गुडघ्यावर हात फिरवीत राहिले. खालिदची सात वर्षे सांगितली तेव्हा हसले नाहीत. “सात वर्षं काहीच जिंकला नाही?” त्यांनी विचारले. मी म्हटले, नाही. “आणि लोकांनी ठेवला त्याले?” ठेवला. ते बराच वेळ गप्प बसले. वहिनी आतून ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, “तुमचं काय ठरायचं ते ठरू द्या. पण त्या पोरांचे कपडे चिखलात भरून माझ्या मोरीत येऊन पडतील, ते मी धुणार नाही, हे आताच सांगून ठेवते.” नायकाच्या पुनरागमनाचा प्रसंग लिहिताना हा प्रश्न एकाही पटकथाकाराच्या ध्यानात आलेला नाही.

भाऊंनी होकार दिला असे काही झाले नाही. आठवड्याने ते एका संध्याकाळी बांधीवर आले, काठी टेकून उभे राहिले, आणि पोरांना पहिला प्रश्न विचारला तो हवा भरायचा पंप कोणाकडे असतो हा. पंप होता, सुई हरवली होती. डब्यातल्या पैशांतून पहिली खरेदी म्हणून गोंदियाहून दोन सुया आणल्या. मग रविवारी कोण कोण येते याची त्यांनी यादी केली. नऊ नावे झाली. हंगामात संघ पाच सामने खेळला, तीन हरला, दोन बरोबरीत सोडवले. चित्रपट पाहून शिट्ट्या मारणाऱ्यांपैकी दोघे तेवढ्यात कंटाळून गेले आणि लहान वयाची तीन नवी पोरे आली.

परवा त्यांच्या अंगणावरून जात होतो. दोरीवर नऊ बनियनी वाळत होत्या, आणि दहावी भाऊ स्वतः पिळत होते.